नारळ द्यायचा की फोडायचा?

या समारंभाचे आणि आपल्या लघुउद्योजक संघाचे अध्यक्ष, आदरणीय विजयसिंह दादा इंगवले. व्यासपीठावरचे सर्व पदाधिकारी. आपलं आरोग्य विम्याचं काम उद्यापासून ज्यांच्या एजन्सीकडं जाणार आहे ते तरुण मित्र विश्वजित नलवडे. जिच्यासाठी आपण जमलो ती सत्कारमूर्ती अक्षता कुरणे. समोर बसलेले शिरोली एमआयडीसीतले लहान, त्याहून लहान, आणि 'माझा कसला आलाय कारखाना, एक लेथ अन् मी' असं सांगणारे सगळे कारखानदार. आणि खुर्च्या संपल्या म्हणून मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या कोअर शॉपमधल्या बायका, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

बायका उभ्या आहेत ही तक्रार नाही. ओतीव कामाच्या पोटात पोकळी राहावी म्हणून वाळूचे कोअर करणाऱ्या या बायका दिवसभर उभ्याच असतात. त्यांना सवय आहे. नोंद राहावी म्हणून सांगितलं, इतकंच.

निवेदकांनी माझी ओळख करून देताना 'क्रांतीताई थोडक्यात मनोगत व्यक्त करतील' असं म्हटलं. थोडक्यात हा शब्द उच्चारताना ते माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होते, ती नजर मी ओळखते. मी प्रयत्न करते. पण त्याच निवेदकांनी अक्षताची ओळख करून देताना 'मितभाषी आणि मृदू स्वभावाच्या' असं म्हटलं, तेव्हा भिंतीकडून जो हशा आला तो मात्र थोडक्यात आवरला नाही. मितभाषी? कोण, अक्षता? पार्किंगमध्ये उभं राहिलं तरी जिचा आवाज ऐकू येतो ती? अहो, सत्कार करताना तरी खरं बोलूया की.

आता माझ्याकडं सोपवलेलं काम. अक्षताला शाल द्यायची, श्रीफळ द्यायचं, दोन शब्द बोलायचे. शाल मी तिच्या खांद्यावर घातली, तुम्ही टाळ्या वाजवल्या. श्रीफळ मात्र अजून माझ्याच हातात आहे, हे पहिल्या रांगेतल्यांच्या लक्षात आलं असेल. मी ते द्यायला विसरलेले नाही. निमंत्रणपत्रिकेत याला श्रीफळ म्हणतात. कारखान्याच्या फाटकात आलं की याचा नारळ होतो. आणि एखाद्याला नारळ दिला म्हणजे नेमकं काय केलं, हे या सभागृहात समजावून सांगायची गरज आहे का? निम्म्या लोकांनी तो कधी ना कधी घेतलाय. उरलेल्या निम्म्यांनी दिलाय.

म्हणून हा नारळ जरा वेळ माझ्याजवळ राहू दे. त्याचं काय करायचं ते शेवटी ठरवू.

अक्षता मूळची शिरोळकडची. पुण्यात विम्याचे क्लेम तपासणाऱ्या एका कंपनीत होती. क्लेम कसा वाचतात, कुठल्या शब्दापाशी थांबतात आणि कुठल्या शब्दावर लाल रेघ मारतात, हे तिनं तिथं बसून पाहिलं. मग ती इकडं आली आणि विजयसिंह दादांनी, होय, दादांनीच, संघाच्या कार्यालयात जिन्याखाली तिला एक टेबल दिलं. त्या दिवशी दादा जे म्हणाले ते मला पाठ आहे. 'आपल्या लोकांना विमा विकायला ढिगानं माणसं येतात. विमा शिकवायला एक तरी असू दे.' दादा, त्या वाक्याला मी तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या. आजही वाजवते.

आपली गोष्ट अशी आहे की मोठ्या कारखान्यांना मोठी माणसं भेटतात. ज्याच्याकडं दहाच्या आत माणसं आहेत, त्याला ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, सक्तीचा नाही, म्हणून तो कुणाच्या हिशेबातच नाही. तो चहाच्या गाड्यावर कुणाच्या तरी मेहुण्याकडून पॉलिसी घेतो आणि देवाच्या तसबिरीमागं ठेवून देतो. बरं, नियम बदलले. चांगले बदलले, मी नाही म्हणत नाही. पण बदललेला नियम शिरोलीच्या फाट्यावर एसटीतून उतरतो का? त्याला कुणीतरी जाऊन आणावं लागतं. अक्षता तो आणायची. पाळी बदलायच्या वेळी गेटावर उभी राहायची. घरच्या पॉलिसीवरचा जीएसटी गेला म्हणून आपण पेढे वाटले. कारखान्याच्या गट पॉलिसीवर तो तसाच राहिलाय, हे हातात पेढा असताना तिनं सांगितलं. पेढा कडू झाला, पण हिशेब तरी खरा झाला.

तिची शिकवायची रीत उलटी होती. माणूस टेबलाशी आला की पॉलिसीत काय काय आहे ते कौतुकानं सांगायला लागायचा. ही म्हणायची, 'ते छापलंय मोठ्या अक्षरात. काय न्हाय ते सांगा.' आणि माणूस चष्मा काढून बारीक अक्षरं वाचायला लागायचा.

आपले लेथवाले भाऊसो समोरच बसलेत. भाऊसो, लाजू नका, तुमची शुगर साऱ्या एमआयडीसीला ठाऊक आहे, चहावाला विचारल्याशिवाय बिनसाखरेचा देतो. भाऊसो पॉलिसी काढायला आले आणि हळूच म्हणाले, 'अक्षताताई, तेवढं शुगरचं लिहू नका. कशाला उगंच.'

'गोळी कधी घेतली?'

'सकाळी.'

'कुठल्या मेडिकलातनं आणता?'

'ह्या कोपऱ्यावरच्या.'

'मग ते मेडिकलवाला सांगंल, वहिनी सांगतील, तुमचं रक्त सांगंल. तुम्ही एकटंच गप्प बसून काय करणार हाय?'

भाऊसो उठून गेले. रागावून गेले. जाताना म्हणाले, 'तू आमच्या बाजूची का कंपनीच्या?' ती मागून ओरडली, आणि मितभाषी म्हणजे किती ते ऐका, सगळ्या आवारानं ऐकलं: 'लिहून द्या, जास्तीत जास्त तीन वर्सं थांबायला लागंल! लपवून ठेवलासा तर दवाखान्याच्या दारात थांबायला लागंल!'

भाऊसो परत आले. शुगर लिहिली. ही थांबायची मुदत पूर्वी चार वर्षांपर्यंत असायची, आता तीनच्या वर नेता येत नाही, हे त्यांना त्या ओरडण्यातून कळलं. सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की सिद्ध झालेली फसवणूक सोडून 'तुम्ही अमुक सांगितलंच नव्हतं' असं उकरून काढता येत नाही, पूर्वी त्याला आठ वर्षं लागायची, हेही त्यांना तिनंच सांगितलं. एका सरळ माणसाला सरळ राहणं परवडायला लागलं. सुधारणा म्हणतात ती हीच ना?

हे मी मुद्दाम आधी सांगितलं. कारण आता जे सांगणार आहे, त्यावरून तिच्यावर ठपका आलाय. तिचं टेबल बंद करायच्या संघाच्या ठरावात एक वाक्य आहे. सन्माननीय सदस्यांनी ते फार सभ्य भाषेत लिहिलंय: 'सदर टेबलावरून कामगारांना उत्तरे पढवली जातात, अशी तक्रार प्राप्त झाल्याने...' आणि पुढं व्यावसायिक सेवा, सक्षम यंत्रणा, असे बरेच शब्द आहेत, त्या शब्दांना मी नमस्कार करते आणि पुढं जाते. पढवली जातात! चला, काय पढवलं ते बघूया.

चिमणाबाई, जरा हात वर करा. त्या बघा. माझ्या कोअर शॉपमध्ये त्यांच्या हाताला तोड नाही आणि तोंडालाही नाही. चिमणाबाईंच्या पोटात दुखायला लागलं. काम करता करता वाळूवर बसल्या. दवाखान्यात नेलं, पित्ताशयात खडे निघाले, ऑपरेशन सांगितलं. आमची गट पॉलिसी होती, तिच्यात जुन्या आजाराला तीन वर्षं थांबायची अट होती, पण हा कुठं जुना आजार होता? निर्धास्त होतो आम्ही. तपासायला एक तरुण डॉक्टर होते, भला माणूस, फक्त आपल्याकडचा नव्हे. त्यांनी विचारलं, 'मावशी, कधीपासून दुखतंय?'

चिमणाबाई काय म्हणाल्या असतील? सांगा बघू. कोल्हापूरचा माणूस काय म्हणेल?

'जलमापासनंच दुखतंय की वो!'

हसू नका. म्हणजे हसा, पण पुढचं ऐका. त्या भल्या डॉक्टरांनी शुद्ध मराठीतून शुद्ध इंग्रजीत लिहिलं, जन्मापासून. कंपनीनं ते वाचलं आणि कळवलं: आजार जन्मापासूनचा, म्हणजे पॉलिसीच्या आधीचा, कॅशलेस नामंजूर.

मी या भाषेत वाढले. मी वाचते खूप, बोलते त्याहून जास्त, हे तुम्ही सोसता. पण या एका शब्दाची ताकद मला तेव्हा कळली. मिसळ यायला उशीर झाला की आपण काय म्हणतो? 'जलमापासनं बसलोय, आण की.' एसटी आली नाही, 'जलमापासनं उभा हाय.' जावई फोन उचलत नाही, 'जलमापासनं लावतोय.' आपल्याकडं हा काळ मोजायचा शब्द नाहीच. किती सोसलं ते सांगायचा शब्द आहे. चिमणाबाईंनी डॉक्टरांना तारीख सांगितली नव्हती, कळ सांगितली होती. आणि कंपनीनं त्या कळेची तारीख करून त्यांच्याच अंगावर टाकली. माणसाच्या बोलीवर गुन्हा दाखल करायचा तर आधी सगळा जिल्हा आत घ्यावा लागेल!

अक्षतानं काय केलं? रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. म्हणजे दिल्या, पण फोन ठेवल्यावर. नियम असा आहे की कंपनीच्या आढावा समितीनं बघितल्याशिवाय क्लेम नाकारता येत नाही. तिनं समिती मागितली, आणि त्यांच्या अधिकाऱ्यांशी बोलायची वेळ ठरली. जिन्याखालच्या टेबलावर फोन, फोनचा आवाज मोठा केलेला, भोवती आम्ही सगळ्या. आदल्या दिवशी मी स्वतः अक्षताला म्हटलं, 'चिमणाबाईंना सांग, तसं बोललेच नाही म्हणून सांगा.' तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी माझा चहाचा कप उचलून बाहेर गेले. चिमणाबाईंना तिनं एवढंच सांगितलं: 'काकू, जे बोलला असाल ते बोलला म्हणून सांगायचं.'

पढवणं पढवणं म्हणतात, ते हे.

तिकडून अधिकारी म्हणाले, 'चिमणाबाई, डॉक्टरांना तुम्ही जन्मापासून दुखतं असं सांगितलं होतं का?'

'व्हय. सांगितलं की.'

आमचे चेहरे उतरले. अक्षताचा नाही.

'म्हणजे जन्मापासून दुखत होतं?'

'आता जलमापासनं कसं दुखंल वो? जलमल्या जलमल्या मला काय कळत हुतं व्हय पित्त कुठं अन् खडं कुठं?'

'मग तुम्ही तसं का म्हणालात?'

'लई दुखत हुतं म्हणून! काय कमाल करताय पावणं. जलमापासनं फोन लावतोय आमी तुमास्नी, आत्ता उचललासा.'

मग ते अधिकारी, सवयीनं असेल, म्हणाले, 'मावशी, असं कसं? आमचं ऑफिस सुरू होऊनच चार वर्षं झालीत.'

आणि चिमणाबाई टेबलावर हात आपटून म्हणाल्या, 'त्येच म्हणतोय की मी!'

फोनच्या त्या टोकाला कुणीतरी हसलं. मोठ्यानं हसलं. तेवढ्यात अक्षतानं आपला नियम पुढं केला. जुना आजार कशाला म्हणायचं? पॉलिसी सुरू होण्याआधीच्या तीन वर्षांत डॉक्टरांनी ज्याचं निदान केलं, किंवा ज्यावर सल्ला अथवा उपचार दिला, त्याला. दुखणं जुनं असणं वेगळं आणि आजार जुना ठरणं वेगळं. ती म्हणाली, 'साहेब, या बाईंना आधी कुठल्या डॉक्टरांनी तपासलं, त्यांचं फक्त नाव सांगा. मी आत्ता क्लेम मागं घेते.' नाव नव्हतं. असणार कुठून? चिमणाबाई त्याआधी दवाखान्यात गेल्या होत्या त्या सुनेच्या बाळंतपणाला.

क्लेम मंजूर झाला. ऑपरेशन झालं. चिमणाबाई उभ्या आहेत, आणि मी जास्त वेळ बोलतेय म्हणून मला खुणावतही आहेत.

करारातला शब्द दोन अर्थांचा निघाला तर त्याचा अर्थ करार लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावायचा, हे न्यायालयांचं जुनं तत्त्व आहे. अक्षतानं त्याच्या एक पाऊल पुढं जाऊन विचारलं, की शब्द आमचा, अर्थ आमचा, मग तो लावायचा हक्क तुमचा कसा? आणि मग तिनं नवा उद्योग सुरू केला. सुट्टीच्या दिवशी बायकांना गोळा करायची, स्वतः डॉक्टर व्हायची आणि विचारायची, 'कधीपासनं दुखतंय?'

'लई दिस झालं.'

'लई म्हंजी?'

'लई म्हंजी लईच की, बया!'

'दिवाळीच्या आधी का नंतर?'

'नंतर. थांब. भोगीची भाजी केली तवा न्हवतं. शिमग्यात हुतं.'

'मग तसं सांगायचं. आठवतंय ते सांगायचं, न्हाय आठवत तर न्हाय आठवत म्हणायचं, आणि डॉक्टरांनी काय लिहिलं ते वाचून दाखवा म्हणायचं.'

अध्यक्ष महोदय, ज्याला आपल्या ठरावात पढवणं म्हटलंय, ते एवढंच आहे. खरं बोलायला शिकवणं. खरं असं बोलायला शिकवणं, की ते दुसऱ्याला खोटं म्हणून वापरता येऊ नये. या अपराधासाठी हे टेबल काढलं जात असेल, तर तसं स्पष्ट लिहा. सभ्य भाषेची शाल त्यावर कशाला?

विश्वजित, तुमच्याबद्दल माझ्या मनात काडीचाही राग नाही. आजचं जेवण तुमच्या एजन्सीकडून आहे, त्याचा वास इथपर्यंत येतोय, आणि माझं भाषण संपावं असं या सभागृहाला का वाटतंय तेही मला कळतंय. तुम्ही पॉलिसी विकता. विकणं वाईट नाही. मी कोअर विकते. पण दादा, एक सांगा. माझा कोअर तुमच्या फाउंड्रीत आला की तो चांगला की वाईट हे कोण ठरवतं? मी? तुम्ही मला तुमच्या तपासणीच्या खोलीच्या उंबऱ्यात तरी उभं करता का? नाही करत. करूही नये. विकणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा, हे आपण एका वाळूच्या गोळ्यासाठी पाळतो. मग माणसाच्या काळजासाठी, मणक्यासाठी का पाळत नाही?

मणक्याचं नाव तोंडात आलं, ते उगाच नाही.

मघाशी मी आत येत होते. दारात एक बाई उभ्या होत्या, हातात दवाखान्याची पिशवी. वॉचमन त्यांना सांगत होते, 'मावशी, आज आत फंक्शन हाय. उद्या या.'

त्या म्हणाल्या, 'उद्या अक्षताबाई हाईत न्हवं?'

'उद्या न्हाईत.'

'मग उद्या कुनाकडं येऊ?'

मी त्यांना आत आणलं. त्या तिकडं खांबाशी बसल्यात. बायडाबाई त्यांचं नाव. त्यांचे मालक ज्ञानू भट्टीवर असतात. पगार ईएसआयच्या मर्यादेबाहेर गेलेला जुना माणूस, म्हणून विमा कंपनीच्या पॉलिसीत. मणक्यानं आडवे झाले. आज सकाळी कळवलंय, कॅशलेस नामंजूर. का? डॉक्टरांनी विचारलं कधीपासून, तर ज्ञानू म्हणाले, 'भट्टीवर लागल्यापासनं.'

झालं. भट्टीवर लागल्यापासून, म्हणजे किती वर्षं, म्हणजे जुना आजार. माणूस तिकडं पालथा झोपलाय आणि इकडं त्याच्या बायकोला एकच विचारायचंय, उद्या कुणाकडं येऊ?

दादा, ती भट्टी तुमची आहे. ज्ञानू तुमचा माणूस आहे. मी हे तुम्हाला खाली पाडायला सांगत नाही, तुम्हाला पाडणं सोपं नाही हे मला संघाच्या दोन निवडणुकांत कळलंय. मी विचारतेय. ठराव करताना आपण एजन्सी मोजली, यंत्रणा मोजली, जिन्याखालची जागाही मोजली. या बाईचा प्रश्न मोजला का? विश्वजितकडं एक टोल-फ्री नंबर आहे. चांगला आहे. त्यावर हिंदीसाठी दोन दाबायचं असतं. 'भट्टीवर लागल्यापासनं' यासाठी कुठलं बटण दाबायचं?

म्हणून मी ठरवलंय. मी, म्हणजे कुठल्याही पदावर नसलेली क्रांती. हा नारळ मी अक्षताला देणार नाही. संघानं आणलेला आहे, संघाच्या पैशाचा आहे, त्याचा अवमान करणार नाही. पण नारळाची आपल्याकडं दोन कामं असतात. एकात माणूस जातो. दुसऱ्यात काहीतरी सुरू होतं. आज हा दुसऱ्या कामाला लागेल.

रस्ता ओलांडला की माझं कोअर शॉप. पुढची खोली वाळूच्या पोत्यांची. पोती आज दुपारी हलवली आणि एक टेबल टाकलं. अक्षता, तुला विचारलं नाही, आत्ता सगळ्यांसमोर विचारते. निमंत्रणपत्रिकेत 'पुढील वाटचालीस शुभेच्छा' असं छापलंय. वाटचाल कुठं, ते तुला कुणी विचारलं का? तुला पुण्याला परत जायचं असेल तर जा, मी स्वतः बसमध्ये बसवून देईन, डोळ्यांत पाणी आणून देईन. पण...

काय म्हणतेस? मोठ्यानं म्हण, तुला काय माईक लागतो का?

ती म्हणतेय, 'ताई, तिथं वाळू उडती.'

उडू दे. जिन्याखाली काय अत्तर उडत होतं?

'आणि पंखा?'

लावलाय. भाऊसोंनी लावलाय, म्हणून त्याचा आवाज लेथसारखा येतो, पण फिरतो. तुझ्या पगाराचं आम्ही लेथवाले आणि कोअरवाल्या मिळून बघणार आहोत. भाऊसोंनी हात वर केला. त्यांच्या मागं आणखी वर होताहेत. मी मोजत नाही, मोजायला लागले की खाली येतात.

हसतेस? हसतेय म्हणजे हो. तिचं नाही कसं असतं ते सगळ्या आवाराला माहीत आहे.

तर बायडाबाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. उद्या कुणाकडं यायचं, तर रस्त्यापलीकडं...

काय? उभ्या राहून सांगा, मावशी. तुमचा आवाज येऊ दे पुढपर्यंत.

ऐकलंत? पाठीमागच्यांनी ऐकलं नसेल, मी सांगते. त्या म्हणतात, 'उद्या कशाला? आत्ताच बघा की.'

बघा. मी एवढं बोलले आणि मुद्दा त्यांनी सांगितला. आत्ताच. जेवणाच्या आधी. नारळ चिमणाबाई फोडतील, दगड आमच्या दारात आहे, आणि टेबलावर पहिली पिशवी बायडाबाईंची. ज्ञानूंना याआधी कुठल्या डॉक्टरनं तपासलं, तपासलं असेल तर काय सांगितलं, ते जसं असेल तसं आणि खरं असेल तेवढंच लिहायचं, आणि आज संध्याकाळीच आढावा समितीकडं पाठवायचं. जिंकूच असं मी सांगत नाही. पण 'भट्टीवर लागल्यापासनं' या शब्दांचा अर्थ ज्ञानूंना विचारल्याशिवाय कुणी लावणार नाही, एवढं सांगते. दादा, तुम्हीही या. भट्टीवर माणसाला किती वाकावं लागतं, हे तुमच्याइतकं नेमकं आमच्यापैकी कुणाला सांगता येणार नाही. आलात तर तुम्हाला खुर्ची देऊ. नाही आलात तरी आम्ही रस्ता ओलांडणारच आहोत.

संघानं मला बोलायला उभं केलं, त्याबद्दल आभार. पुन्हा करतील असं वाटत नाही, म्हणून आत्ताच भरपूर आभार. सभागृहाचे, वॉचमनचे, स्वयंपाक करणाऱ्यांचे, आणि ज्यांचं अन्न मी थंड केलं त्या विश्वजितचेही आभार. बोलताना कुणाच्या मानपानात कमी-जास्त झालं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. आणि फार वेळ घेतला असेल तर त्याचीही क्षमा करा. क्रांती किती वेळ बोलली असं घरी कुणी विचारलं, तर 'जलमापासनं बोलत हुती' असं खुशाल सांगा.

फक्त डॉक्टरांना सांगू नका. ते लिहून घेतात.

चला. चिमणाबाई, हा घ्या नारळ.